चला, खाद्यपदार्थांचा कारखाना पाहू या



सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर फुटाळा तलाव येतो, रामटेकचा गड येतो, डब्यातली पुरी-भाजी येते. पण शाळेची आणखी एक सहल असते. तिला क्षेत्रभेट म्हणतात. पुस्तकात वाचलेली गोष्ट प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहायची, माहीतगार माणसांना प्रश्न विचारायचे आणि परत आल्यावर ते सारे लिहून काढायचे, म्हणजे क्षेत्रभेट. आज आपण खाद्यपदार्थांच्या कारखान्यातील क्षेत्रभेटीविषयी वाचणार आहोत.

शाळा सुटली की सदरच्या बाजारात तुमच्यापैकी कोणी आईस्क्रीम घेतो, कोणी शेवेचे पाकीट घेतो. कोणाला घरी जाताना दुधाची पिशवी आणायला सांगितलेली असते. या तिन्ही वस्तू कोणी बनवल्या? त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलेले नाही. त्याने हात धुतले होते की नाही, हे तुम्हांला ठाऊक नाही. तरीही तुम्ही पाकीट फोडता आणि बिनधास्त खाता. हा विश्वास कुठून आला? तो खरा आहे, की नुसता समज आहे? कारखाना पाहायला जायचे ते या प्रश्नाचे उत्तर शोधायला.

‘कारखाना’ हा शब्द तुम्हांला परका नाही. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे जागा. फारसीतून आलेला हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. आणि खरे सांगायचे तर खाद्यपदार्थांचा पहिला कारखाना तुमच्या घरातच आहे.

घरातला कारखाना

तुमच्या घरी कैरीचे लोणचे घालतात. उर्दूत तुम्ही त्याला अचार म्हणता. कैरी चिरतात, तिला मीठ चोळतात, उन्हात ठेवतात, मग बरणीत भरून वर तेल ओततात. ओला चमचा बरणीत घातला की नानी रागावते. ईदच्या आधी शेवया खाटेवर वाळत घालतात. आवळ्याचा मुरब्बा करतात. मराठीत त्याला मुरंबा म्हणतात. हे सारे का करतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

अन्न नासते, कारण त्यात सूक्ष्म जंतू वाढतात. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना जगायला पाणी लागते, ऊब लागते, खाद्य लागते. आपल्या अन्नात हे सगळे आयतेच मिळते. मग त्यांना रोखायचे कसे? शेवया वाळवल्या की त्यांच्यातले पाणी जाते. मीठ आणि साखर पाणी स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे लोणच्यात व मुरंब्यात पाणी असूनही जंतूंना ते वापरता येत नाही. लोणच्यावरचे तेल हवेला आत येऊ देत नाही. दूध तापवले की त्यातले जंतू मरतात. फ्रिजमध्ये ठेवले की उरलेल्यांची वाढ मंद होते.

वाळवणे, मीठ किंवा साखर घालणे, हवा रोखणे, तापवणे आणि थंड ठेवणे, हे पाच उपाय नीट लक्षात ठेवा. कारखान्यात तुम्हांला मोठमोठी यंत्रे दिसतील. त्यांचा आवाज ऐकून भांबावून जाऊ नका. प्रत्येक यंत्रापाशी मनात एकच प्रश्न विचारा : ‘हे यंत्र पाचांपैकी कोणता उपाय करीत आहे?’ उत्तर सापडले की यंत्र कळले म्हणून समजा.

घर आणि कारखाना यांत एक मोठा फरक मात्र आहे. घरी वरण आंबले तर फार तर पाच-सहा माणसांचे पोट बिघडेल. शिवाय आई वास घेऊन ते आधीच फेकून देईल. कारखान्यात एका घाण्यात चूक झाली, तर ती हजारो घरांत पोहोचते. खाणाऱ्याच्या घरी तिचा वास घेऊन ती ओळखणारे कोणी असेलच असे नाही. म्हणून कारखान्यात नाक आणि अंदाज यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तेथे तापमापक असतो, घड्याळ असते आणि नोंदवही असते.

निघण्यापूर्वी

अशा भेटीसाठी शाळेला कारखान्याची आधी परवानगी घ्यावी लागते. सर्वच कारखाने मुलांना आत सोडत नाहीत. काही ठिकाणी काचेच्या आडून पाहण्याची सोय असते. काचेआडून पाहावे लागले म्हणून नाराज होऊ नका. ती काच तुमच्यासाठी नाही, अन्नासाठी आहे.

आत जाण्याआधी तुम्हांला घड्याळ, अंगठी, बांगड्या, मनगटाचा दोरा काढून ठेवायला सांगतील. डोक्याला टोपी घालायला देतील. केस त्या टोपीत पूर्ण गेले पाहिजेत. हात साबणाने धुवायला लावतील. ज्याला जुलाब, उलट्या किंवा खोकला असेल, त्याला बाहेर बसवतील. हा अपमान नाही. कामगारांनाही हाच नियम असतो आणि मालकालाही हाच नियम असतो. अंगठीखाली साबण पोहोचत नाही, बांगडीची काच फुटून पिठात पडू शकते, केस गळतो, आजारी माणसाच्या हातांतून जंतू पसरतात. प्रत्येक नियमामागे असे एक कारण आहे.

एक गंमतीची गोष्ट पाहायला विसरू नका. कामगाराच्या बोटाला कापले असेल, तर त्याच्या जखमेवर निळ्या रंगाची पट्टी दिसेल. निळी का? कारण आपल्या खाण्याच्या पदार्थांत निळ्या रंगाचे पदार्थ जवळजवळ नसतातच. पट्टी सुटून पिठात पडली तरी ती चटकन डोळ्यांत भरते. अनेक पट्ट्यांमध्ये धातूचा बारीक पत्राही असतो, म्हणजे धातू शोधणारे यंत्र तिला पकडते. एवढ्याशा पट्टीमागे किती विचार आहे पाहा!

दुधाचा कारखाना

नागपूर हे या क्षेत्रभेटीसाठी चांगले शहर आहे. सदरहून काटोल रोडने निघाले की गिट्टीखदान लागते. ‘दिनशॉ’ हे नाव या भागाशी जोडलेले आहे. राणा या पारशी कुटुंबातील भावांनी १९३२ साली नागपुरात दुधाचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांचे आईस्क्रीम विदर्भात घराघरांत पोहोचले. आता शहराबाहेर बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर येथे मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. अनेक कारखाने तेथे आहेत.

दुधाच्या कारखान्यात टँकर आला की दूध लगेच आत घेत नाहीत. आधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. दुधात पाणी घातले आहे का, हे दुग्धमापी सांगतो. स्निग्धांश किती, हे तपासतात. मग एका परीक्षेत नमुन्यात मिथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग टाकतात आणि नळी कोमट पाण्यात ठेवतात. जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. चांगल्या दुधात तो कित्येक तास टिकतो. फार खराब दुधात अर्ध्या तासाच्या आतच दूध पुन्हा पांढरे होते. जंतू दिसत नाहीत, पण त्यांची करणी अशी दिसते.

मग दूध तापवतात. घरी आपण दूध उतू जाईपर्यंत उकळतो. कारखान्यात ते ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून १५ सेकंद तसेच ठेवतात आणि लगेच ५ अंशांच्या खाली थंड करतात. याला पाश्चरीकरण म्हणतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की, पदार्थ आंबवणारे आणि नासवणारे सूक्ष्म जंतूच असतात आणि योग्य उष्णतेने त्यांना आवरता येते. त्याच्याच नावावरून हा शब्द आला. पाश्चरीकरणाने रोग पसरवणारे जंतू मरतात, पण सगळेच जंतू मरत नाहीत. म्हणून पिशवीतले दूध थंडच ठेवावे लागते. ‘दूध तर पाश्चराइज्ड आहे, बाहेर राहिले तर काय झाले?’ असे कोणी म्हटले, तर आता तुम्ही त्याला समजावून सांगू शकाल.

दूध खरोखर ७२ अंशांपर्यंत तापले का, हे कसे कळणार? कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे एक विकर असते. जितक्या उष्णतेने रोगजंतू मरतात, साधारण तितक्याच उष्णतेने हे विकरही निकामी होते. पाश्चरीकरणानंतर तपासणीत ते सापडले, तर दूध नीट तापले नाही किंवा त्यात कच्चे दूध मिसळले, हे उघड होते. विकर खोटी साक्ष देत नाही.

दूध वाहून नेणाऱ्या लांबच लांब नळ्याही पाहा. त्या घासायला आत माणूस जाऊ शकत नाही. म्हणून काम संपले की त्यांच्यातून गरम पाणी, क्षाराचे द्रावण, आम्लाचे द्रावण आणि पुन्हा स्वच्छ पाणी ठरलेल्या वेळेपर्यंत सोडतात. कारखान्यात बनवण्याला जेवढा वेळ जातो, तेवढेच महत्त्व धुण्याला असते.

आईस्क्रीमच्या विभागात गेलात की एक आश्चर्य वाटेल. आईस्क्रीममध्ये दूध, साय, साखर तर असतेच, पण हवाही असते. मिश्रण गोठवताना ते घुसळतात, तेव्हा हवेचे बारीक बुडबुडे आत जातात. हवा नसती, तर आईस्क्रीम बर्फाच्या लादीसारखे कडक झाले असते. कुल्फीत अशी हवा घालत नाहीत, म्हणून ती घट्ट लागते. पण हवा विकून पैसे मिळवण्याचा मोह कोणाला होऊ नये, म्हणून नियम केला आहे : एक लिटर आईस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. साध्या आईस्क्रीममध्ये दुधाची चरबी किमान १० टक्के हवी. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरले, तर त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहावे लागते. दोन्ही डबे एकाच फ्रिजमध्ये शेजारी शेजारी असतात. तुम्ही कोणता घेता, हे एकदा वाचून पाहा.

आईस्क्रीम उणे १८ अंशांच्या आसपास साठवतात. वाटेत वीज गेली, ते वितळले आणि पुन्हा गोठले, तर त्यात बर्फाचे खडे होतात. जिभेला ते कचकच लागतात. थंडीची साखळी कुठेतरी तुटली होती, हे त्या खड्यांवरून कळते.

संत्र्याचा कारखाना

नागपूरला संत्रानगरी म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. संत्र्याला दोन बहार येतात. आंबिया बहाराची फळे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात. मृग बहाराची फळे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिळतात. मग उरलेल्या महिन्यांत काय? आणि एकाच वेळी मंडईत संत्र्यांचे ढीग लागून भाव कोसळला, तर शेतकऱ्याने काय करायचे? संत्रा काही तांदळासारखा कोठारात भरून ठेवता येत नाही. येथे कारखाना उपयोगी पडतो. काही आठवड्यांत नासणारे फळ तो कित्येक महिने टिकणाऱ्या सरबतात बदलतो.

तुमच्या घरी ‘नोगा’चा जॅम किंवा स्क्वॅश आला असेल. नोगा हे नाव ‘नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन’ या संत्रा बागायतदारांच्या संस्थेच्या आद्याक्षरांपासून बनले. पुढे तो उद्योग महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला. या महामंडळाची स्थापना १९६५ साली झाली. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहान भागात संत्र्यावर प्रक्रिया करणारा पतंजलीचा मोठा कारखानाही सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, संत्र्याचा रस काढून बाटलीत भरण्यात काय अवघड आहे? अवघड आहे! एक प्रयोग करून पाहा. नागपुरी संत्र्याचा ताजा रस काढा आणि चाखा. गोड लागेल. आता तोच रस काही तास ठेवून पुन्हा चाखा. तो कडवट झालेला असेल. रसात आणि बियांत असे एक द्रव्य असते, जे आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलते. रस तापवला तर हा बदल आणखी वेगाने होतो. म्हणजे जंतू मारायला रस तापवावा तर तो कडू होतो आणि न तापवावा तर नासतो. इकडे आड, तिकडे विहीर! म्हणून बिया व पापुद्रे न चिरडता रस काढणे, तो चटकन गाळणे, कडूपणा काढून टाकणे असे उपाय शास्त्रज्ञ शोधत आले आहेत. संत्रा, मोसंबी, लिंबू या फळांच्या अभ्यासासाठी नागपुरात १९८५ पासून एक राष्ट्रीय केंद्र आहे. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते.

स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळांचा रस असावा लागतो. जॅममध्ये फळे किमान ४५ टक्के हवीत. जॅम शिजून तयार होतो, तेव्हा त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग साखर व इतर विरघळलेले घनपदार्थ असतात. मुरंब्याचा नियम येथेही तोच आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. संत्र्याची सालही फेकून देत नाहीत. तिच्यातून सुगंधी तेल निघते आणि जॅम घट्ट करणारे पेक्टिनही मिळते.

बाटली व डबा यांची एक गोष्ट ऐका. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. त्याने अन्न काचेच्या बाटल्यांत भरले, त्या घट्ट बंद केल्या आणि उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न महिनोन् महिने टिकले. सैन्याला आणि आरमाराला अशा अन्नाची गरज होती. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. पण अन्न का टिकले, हे त्याला सांगता आले नाही. त्याचे खरे कारण सुमारे पन्नास वर्षांनी पाश्चरने उलगडले. हाताने काम करणारा माणूस आधी वाट शोधतो आणि शास्त्र मागून तिचे कारण सांगते, असे अनेकदा घडले आहे.

फरसाणाचा कारखाना

बिकानेरच्या भुजियाची परंपरा नागपुरात रुजवणारे ‘हल्दीराम’ हे नाव तुम्हांला माहीत आहे. नागपूरची संत्रा बर्फीही पाहुण्यांच्या पिशवीतून देशभर जाते. शेव, भुजिया, चिवडा बनवणाऱ्या कारखान्यात कोणता उपाय दिसेल? वाळवण्याचाच, पण ऊन नाही, तर तेल वापरून. बेसनाचे पीठ मळून साच्यातून दाबतात आणि शेव गरम तेलात पडते. पिठातले पाणी वाफ होऊन निघून जाते. तेलात बुडबुडे उठताना दिसतात, ती हीच वाफ. पाणी गेले की जंतूंची वाढ थांबते.

पण येथे दुसरा शत्रू दबा धरून असतो. तेलाला हवेतला ऑक्सिजन लागला की ते खवट होते. म्हणून पाकिटात नायट्रोजन वायू भरतात. पाकीट फुगलेले असते ते यामुळे. तो वायू काही विषारी नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याने खवटपणा लांबतो आणि शेवेचा चुराही होत नाही.

तेलाकडेही लक्ष द्या. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की ते काळे व दाट होते आणि त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये २५ टक्क्यांच्या वर गेली, तर ते तेल तळायला वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला आहे. तुमच्या नेहमीच्या समोशाच्या गाडीवरचे तेल कसे दिसते? उद्या पाहा.

शेवटी प्रत्येक पाकीट धातू शोधणाऱ्या यंत्राखालून जाते. यंत्र स्वतः नीट चालते आहे की नाही, हे पाहायला कामगार ठरावीक वेळाने धातूचा छोटा तुकडा असलेला नमुना मुद्दाम त्यातून पाठवतो. यंत्राने तो पकडला नाही, तर काम थांबवतात आणि मागच्या तपासणीनंतरची सर्व पाकिटे पुन्हा तपासतात.

चूक होण्याआधी

आता एक कोडे सोडवा. पाकिटातला माल चांगला आहे का, हे पाहायचे तर पाकीट फोडावे लागते. फोडलेले पाकीट विकता येत नाही. मग प्रत्येक पाकीट कसे तपासणार?

हे कोडे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न बनवणाऱ्यांपुढे उभे राहिले. अंतराळात माणूस आजारी पडला, तर दवाखाना कुठून आणणार? त्यांनी विचार उलटा केला. तयार माल तपासत बसण्यापेक्षा, माल बनताना धोका कुठे कुठे शिरू शकतो, त्या जागा आधी शोधायच्या आणि त्या प्रत्येक जागेवर पहारा ठेवायचा. दुधात ती जागा म्हणजे ७२ अंश आणि १५ सेकंद. फरसाणात ती जागा म्हणजे धातू शोधणारे यंत्र. आज जगभर ही पद्धत वापरतात. कारखान्यात गेल्यावर विचारा : ‘तुमच्याकडे धोक्याच्या जागा कोणत्या? तेथे कोण पहारा देतो?’ हा प्रश्न ऐकून तेथील अधिकारी तुमच्याकडे निराळ्याच नजरेने पाहतील.

पण पहारा यंत्रे देत नाहीत, माणसेच देतात. अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. आठ-आठ तास उभे राहून, कोणी गरम भट्टीपाशी तर कोणी बर्फासारख्या गार खोलीत काम करतात. त्यांच्याशी अदबीने बोला. ‘काका’, ‘ताई’ म्हणून हाक मारा. त्यांना जरूर विचारा : ‘चूक दिसली, तर तुम्ही यंत्र थांबवू शकता का? थांबवले, तर कोणी रागावते का?’ जेथे साधा कामगार न घाबरता यंत्र थांबवू शकतो, तेथले अन्न विश्वासाचे. जेथे चूक दिसूनही माणूस भीतीने गप्प बसतो, तेथे चकचकीत फरशी काही कामाची नाही.

पाकीट वाचायला शिका

कारखान्याच्या दारातून बाहेर पडलात तरी क्षेत्रभेट संपत नाही. कारखान्याने तुम्हांला एक पत्र पाठवलेले असते. ते पाकिटावर छापलेले असते. बहुतेक लोक ते वाचत नाहीत.

त्यात चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. भारतात अन्नसुरक्षेचा कायदा २००६ साली झाला आणि २०११ साली तो देशभर लागू झाला. त्यानुसार हा क्रमांक देतात. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. ‘फळांचे पेय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर आधी पाणी, मग साखर आणि त्यानंतर फळ लिहिलेले असेल, तर तुम्ही काय पीत आहात हे समजून घ्या. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी पदार्थ आणि चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. शेंगदाणे, दूध, गहू अशा काहींना न सोसणाऱ्या पदार्थांचीही सूचना असते. कोणाच्या धाकट्या भावाला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठत असतील, तर त्या एका ओळीवर त्याचा जीव अवलंबून असू शकतो.

तारखा दोन प्रकारच्या असतात. एक वापरण्याची अंतिम तारीख. ती उलटली की पदार्थ खाऊ नये. दुसरी ‘या तारखेपूर्वी उत्तम’ अशी. त्यानंतर चव व दर्जा उतरू लागतो. शिवाय एक बॅच क्रमांक असतो. तो निरर्थक अंकांचा खेळ नाही. कोणाला त्रास झाला, तर या क्रमांकावरून तो माल कोणत्या दिवशी व कोणत्या घाण्यात बनला, हे शोधता येते आणि त्याच घाण्याची पाकिटे बाजारातून परत मागवता येतात. म्हणून खराब माल निघाला तर पाकीट लगेच फेकू नका. ते आणि दुकानाची पावती जपून ठेवा. त्यांच्या आधारे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पाकीटबंद पदार्थ नासलेला नाही, याचा अर्थ तो रोज खावा असा नाही. टिकण्यासाठी आणि चवीसाठी त्यात मीठ, साखर, तेल भरपूर असू शकते. घरची भाकरी, डाळ आणि ताजे फळ यांची जागा कोणताही कारखाना घेऊ शकत नाही.

ज्यांना या कामाची आवड वाटेल, त्यांच्यासाठी दार जवळच आहे. अमरावती रोडवरील लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ सालची आहे. २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. अन्नतंत्रज्ञान तेथे शिकवतात. विज्ञान मन लावून शिका. आज यंत्राकडे काचेआडून पाहणारी एखादी मुलगी उद्या त्याच कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळील.

आणि ज्यांना तिकडे जायचे नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असतो आणि अक्षरे मुंगीएवढी असतात. घरात दादीला फक्त उर्दू वाचता येते. अम्मीला स्वयंपाकाच्या घाईत चष्मा सापडत नाही. तुम्ही मात्र उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा शिकत आहात. मग घरासाठी हे पत्र वाचायचे काम तुमचेच नाही का? आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातले एक पाकीट घ्या. त्यावरची तारीख, घटक आणि सूचना सर्वांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. मुदत संपलेले पाकीट सापडले, तर ते बाजूला काढा. कारखान्यातला पहारेकरी तुमच्या घरापर्यंत येऊ शकत नाही. तेथून पुढचा पहारा तुमचा आहे.